पाच शे आणि पाचशे

तेव्हा मी शहाद्याजवळच्या एका गावी शाळेवर होतो, हंगामी. शाळा तपासणारे डिपोटी साहेब येऊन माझा पाठ पाहणार आणि त्यांच्या शेऱ्यावर मी कायम होणार किंवा घरी बसणार, असं ठरलेलं. पाठ दुसरीचा : एकं, दहं, शतं. टाचण मी चार वेळा लिहिलं. माझे प्रश्न तांबड्या शाईने, मुलांची उत्तरं काळ्या शाईने. एका ठिकाणी 'येथे हसावे' असंही लिहून ठेवलं होतं. वर्गात आपणहून हसणं मला जमत नसे.

तालीम बायकोपुढे. ती भाकरी थापत होती. मी परातीतल्या पिठात बोटाने पाचाचा आकडा काढला.

"मुलांनो, हा आकडा कोणता?"

"पाच शे, गुरुजी."

"पाचशे? नीट पाहा."

"पाचशे नई, पाच शे! तुमले इतलं बी समजस नई का?"

अहिराणी माझ्याही घरचीच. पण टाचण हातात आलं की माझे कान पुस्तकी होत, आणि आपल्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात हे मी साफ विसरलो होतो. आम्ही इतके हसलो की तव्यावरची भाकरी करपली. मग मात्र मी टाचण पुन्हा उघडलं. साहेब पुण्याकडचे, ते काय ऐकतील?

सहा दिवस मी वर्गाकडून एकच घोकून घेतलं : 'शे' नाही, 'आहे'. घरी ही नाकात बोलायची, "मीठ आहे, सरपण आहे, गुरुजी उपाशी आहे," आणि पदर तोंडात कोंबायची. ती जाऊन आता चार महिने झाले. हे लिहितानाही हसूच येतं.

साहेब आले. मी फळ्यावर पाच लिहिले.

"पाच आहे!" वर्ग गरजला. साहेबांनी मान डोलावली.

मी पुढे दोन शून्यं दिली. "आता?"

"पाच आहे!"

"पुन्हा पाहा," साहेब म्हणाले.

"पाच आहे!" छप्पर हललं असेल.

एक मुलगी हात जोडून उभी राहिली. "साहेब, शे नई म्हनानं. गुरुजी मारतीन."

साहेब माझ्याकडे वळले. मला सगळं सांगावं लागलं, पिठासकट. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसत हसले. मग मुलांकडून स्वतःच म्हणवून घेतलं, "पाचशे शे!" शेरेबुकात लिहिलं : शिक्षक ठेवण्यासारखा.

मी धावत घरी आलो. ही दारातच उभी. मला हसण्याने धाप लागलेली, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. तिने मला धरून ओट्यावर बसवलं.

"रडू नका. मन्हा बापनं वावर शे."

आणि आत जाऊन ती बापाच्या शेतावर न्यायला भांडी गोणीत भरू लागली. 'कायम' हा तीन अक्षरी शब्द माझ्या तोंडून सुटेपर्यंत निम्मा संसार गोणीत गेला होता.