लिंबागणेशला मी काय मागितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लिंबागणेशच्या गणपतीसमोर हात जोडून मी माझ्या बायकोचं मरण मागितलं होतं.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. दोघांतलं एक पडलं की उरलेला अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठला मुकादम टोळीत घेत नाही. एका दुष्काळाच्या साली सहकारी कारखान्याच्या फडात उसाची मोळी बांधायला ती वाकली ती उठलीच नाही. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. घरी आणल्यावर आम्ही तिला पाठीवर निजवून ठेवलं. हलवू नका, पडून राहिली की अंगात शक्ती भरते, असं सगळी भावकी सांगायची. मलाही ते पटलं होतं.

सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन मी दवाखान्यांच्या खिडक्या धुंडाळल्या. हाडाचे डॉक्टर म्हणाले, हाडं धड आहेत. नसांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आता पुढं कुणाकडं, असं विचारलं की खिडकीतून उत्तर यायचं, ऑपरेशन असेल तर कार्डावर बसवू. तिला ऑपरेशन नव्हतंच. कसला डॉक्टर शोधायचा हेच ठाऊक नसल्यावर माणूस कुणाला काय विचारणार?

असंच एकदा बीडहून हात हलवत परत निघालो होतो. ऊन इतकं पांढरं की पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. टेम्पो लिंबागणेशला थांबवला, तिला हौद्यात गोधडीवर ठेवून मी देवळात गेलो. आत गार होतं. डोळे मिटले आणि इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. मनातल्या मनात मी म्हणालो, देवा, सोडव हिला. तिचे हाल बघवत नाहीत म्हणून म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी. पण पुढच्या हंगामापर्यंत दुसरी बाई घरात येईल, कोयता पुरा होईल, हेही त्याच श्वासात मनात आलं होतं.

बाहेर आलो तर गोधडी रिकामी. क्षणभर वाटलं, दिलं देवानं.

मग ती दिसली. चिंचेच्या बुंध्याला टेकून बसलेली. कडेला कुणीतरी गुंडाळलेलं पोतं टेकू म्हणून लावलं होतं. लुळ्या हातात मोसंबीची फोड होती, आणि डाव्या हातानं तो हात धरून ती हळूहळू तोंडाकडं नेत होती. रस हनुवटीवरून ओघळत होता. तिच्या तोंडावर उन्हाचे कवडसे हलत होते.

टेम्पोच्या ड्रायव्हरला हाताशी घेऊन तिला उतरवलं होतं ते तिथल्या फळांच्या गाडीवाल्या चाचांनी. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "काहून निजवून ठेवलं हो हिला? बाई हाय का जवारीचं पोतं?"

"उठवत न्हाई तिला," मी म्हणालो.

"उठवत न्हाई, का तुमी उठू देत न्हाई?"

त्यांची बेगमही अशाच झटक्यानं अंथरुणाला खिळली होती. मोठ्या सरकारी दवाखान्यात पुनर्वसनाचा विभाग असतो, तिथले डॉक्टर गेलेले हातपाय परत कामाला लावतात, आणि तिथं कार्ड चालतं, एवढं त्यांनी फोडी सोलता सोलता सांगितलं. पुनर्वसन हा शब्द मला धरणात गेलेल्या गावांपुरताच ठाऊक होता.

आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडं न बघता तिलाच विचारलं, घरी काय काय करत होतात? ती बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिली. मग म्हणाली, "भाकर." बाई म्हणाल्या, मग भाकरीपासूनच सुरुवात करू. कार्ड खरोखरच चाललं.

आज ती काठीनं चालते. भाकरी एका अंगाला जाड होते, पण तिच्या हातची असते. आम्ही चाचांना भेटायला गेलतो, तर तिला चालताना बघून ते म्हणाले, "भाभी, आता ह्यांना निजवा थोडं."

चाचा त्या दिवशी नेमके देवळापाशी कसे उभे होते, याचा उलगडा करायला मी बसत नाही. मी मागितलं ते देवानं दिलं नाही, याहून मोठी कृपा मला माहीत नाही. तेव्हापासून देवळात मी काही मागत नाही. नुसता उभा राहतो. माझ्या भल्याचं काय ते त्यालाच कळू दे.

ती मात्र येईल त्याला सांगते, "ह्यांनी गणपतीला साकडं घातलं, म्हनून मी उठले." मी मान खाली घालून ऐकतो. तिला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायला धजलो. तिच्यासमोर बसून हे माझ्या तोंडानं सांगायचं देणं अजून माझ्यावर आहे.