शिवयोगीनं न पाहिलेलं नाटक

सोलापुरात नाटक चालणार की पडणार, हे ठरवायचा मान शिवयोगीला कुणी दिला, देव जाणे. पण बावीस वर्षं तो नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसलाय, आणि जुळे सोलापूरपासून बार्शीपर्यंतची माणसं तिकीट काढायच्या आधी त्यालाच विचारतात, "काय शिवयोगी, बरं हाय का?" त्यानं नुसतं तोंड वाकडं केलं तरी गाडी वळवून घरी जातात. आणि या पठ्ठ्यानं उभ्या जन्मात एक नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नाही! खिडकी बंद केली की हा घरी जेवायला. जाहिरातीत मालिकेतला चेहरा दिसला तर "लई भारी", नाही दिसला तर "रडकं हाय". अरे, भाजी न चाखताच खारट म्हणायची ही कुठली रीत?

शुभदाताईंच्या नाटकात तसा चेहरा नव्हता. निर्मात्या त्याच, नायिकाही त्याच. सोलापूरचा प्रयोग भरला तर दौरा पुढं जाईल, नाहीतर नाटक इथंच बंद, असं त्यांनी फोनवर शिवयोगीला सांगितलंही होतं. तरी आठवडाभर याचं आपलं चालूच. "रडकं हाय ओ. त्याच्या पुढच्या रविवारी विनोदी येतंय, ते बघा की."

रविवारी दुपारच्या प्रयोगाला जेमतेम साठ माणसं आली. पुढच्या रांगा ओस दिसू नयेत म्हणून व्यवस्थापकानं सगळ्या नोकरांना आत बसवलं. शिवयोगीही नाइलाजानं बसला. निवृत्त बाई स्कूटर शिकते, असली गोष्ट. अर्ध्या तासात तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग मागं वळून पाहिलं, तर खुर्च्याच खुर्च्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पुढचं सगळं नाटक त्यानं मान खाली घालून ऐकलं.

प्रयोग संपल्यावर रंग न पुसताच शुभदाताई त्याच्याकडे आल्या.

"शिवयोगी, इथले प्रेक्षक तुम्हाला ठाऊक. आमचं काय चुकलं?"

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं.

"लग्नसराई हाय ताई," तो म्हणाला. "पोरांच्या परीक्षा पण हायत."

"म्हणजे नाटक वाईट नव्हतं?"

"न्हाय ओ. लई चांगलं हाय."

त्यांचे डोळे भरून आले. "बंद करायच्या दिवशी एवढं तरी कुणी बोललं," असं म्हणत त्या त्याच्या पायाशी वाकल्या.

त्यानं पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.