लोकरीच्या आतलं सूत

लातूरहून पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली. झोपेतच." मी खुळ्यासारखं विचारलं, "रात्री जेवल्या होत्या का?" "हाव, दोन घास वरण-भात खाल्ला," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही रडलो. त्याला आता महिना होत आला. त्याची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. माझे यजमान त्यांना भाभी म्हणत, म्हणून मीही भाभीच म्हणू लागले. नव्वदीला टेकल्या होत्या. जायचं वय झालं होतं, असं सगळे म्हणतात... म्हणोत बापडे.

निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं होती. नांदेडची मी लग्न होऊन मुखेडला आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. दोघे भाऊ कामासाठी लातूरला. थोरले कापडाच्या दुकानात, धाकटे, म्हणजे आमचे हे, अडतीवर. सणासुदीला तेवढे यायचे. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामंजी, भाभी आणि मी. मामंजी तहसिलीत पेशकार, म्हणजे कारकून, होते. उर्दू कागद वाचून वाचून नजर अधू झाली म्हणायचे, पण सोवळं मात्र डोळ्यांत तेल घालून पाळायचे. त्यांचं नुसतं खाकरणं ऐकलं तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं.

महिन्यातले ते दिवस मला गोठ्यालगतच्या पडवीत काढावे लागत. अंगाखाली घोंगडी, दुरून वाढलेलं ताट, कुणाला शिवायचं नाही. माहेरीही हे होतंच, पण तिथे आई पलीकडे बसून बोलत तरी असे. इथे सोबतीला म्हैस. मी पदर तोंडात कोंबून रडायची. खरं सांगते, पळून नांदेडला जायचं मी पक्कं केलं होतं.

असंच एकदा रडत असताना भाभी आल्या आणि लांबूनच एक पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. कापडाच्या ताग्यातला, वितीएवढा कापलेला. वरच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. त्यांत अडकवलेले उभे दोरे खाली येऊन, तळाला वळसा घालून मागून वर गेलेले. सोबत दाभण आणि धनगराकडची काळी लोकर.

"रडल्यानं म्हैस जास्त दूध देती का गं?" त्या म्हणाल्या. "विण, नांदेडवाले. एक दोरा वर, एक खाली. पुढून गेलीस की मागून ये. मग पिशवी तयार होती."

"पण मी शिवले तर..."

"लोकर हाय. लोकरीला विटाळ न्हाई."

ते खरंच होतं. म्हणून तर अंगाखाली घोंगडी असे. पण उभे दोरे लोकरीचे नव्हते. लोकर खाचेत ताणली की तटकन तुटे, म्हणून भाभींनी गोधडीचं सूत ताणलं होतं, आणि सुताला विटाळ लागतो. आडवी लोकर फणीने दाबून बसवली की ते दिसेनासं होई. मी बोट दाखवलं तर म्हणाल्या, "झाकतंय न्हवं? मग झालं."

पहिल्या पिशवीत मी पुढचे-मागचे दोरे एकत्रच ओवले. पिशवी निघेच ना. "पुठ्ठाच गिळला की हिनं!" म्हणून भाभी हसत हसत उंबऱ्यावर बसल्याच. तेव्हापासून काम उरकलं की त्या तिथे येऊन बसू लागल्या, अंतर राखून. मग सुपारीच्या पिशव्या झाल्या, किल्ल्यांच्या झाल्या. माझं रडणं कधी थांबलं ते मलाही कळलं नाही.

पुढे उंदराने मामंजींची गोमुखी, जपमाळेची पिशवी, कुरतडली. भाभींनी मला न विचारता माझी एक पिशवी त्यांच्या पाटाशी ठेवली. मी दाराआड उभी होते. मामंजींनी ती चाचपली.

"कोणी विणली?"

"धाकटीनं."

"कधी?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं! भाभी म्हणाल्या, "पडवीत बसली होती तवा."

मामंजींचा हात थांबला. "लोकर आहे?"

"लोकर हाय."

त्यांनी माळ आत सोडली आणि जप सुरू केला. उद्या सूत लागलं हाताला तर? मला माहेरी धाडतील, आणि आता मला जायचं नव्हतं. भाभींना तर माहेरच उरलं नव्हतं. मामंजी जपाला बसले की मी रोज देवाला म्हणायची, आजचा दिवस निभावून ने.

बरेच महिने निभावलं. मग एका सकाळी मी पडवीत असताना मामंजी स्वतः तिथे आले. कधी न येणारे मामंजी! मागे भाभी, चेहरा पांढराफटक. मामंजींच्या हातात पिशवी होती आणि अंगठा तिच्या झिजलेल्या कोपऱ्यावर फिरत होता. रोज जानवं हाताळणाऱ्या बोटांना सूत कळणार नाही?

"इथली लोकर गेली आहे," ते म्हणाले. "आतलं उघडं पडायलंय. झाकून दे." आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

मी कशीबशी लोकर ओवली, कोपरा भरला आणि सवयीने पिशवी जमिनीवर ठेवून मागे सरकले.

"हातात दे," मामंजी म्हणाले.

मी दिली. ते गेले आणि त्यांनी राहिलेला जप पुरा केला. भाभी मात्र तिथेच उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडल्या.

गेल्या दिवाळीत लातूरला त्यांच्या खाटेशी बसले असताना मी विचारलंच, "भाभी, मामंजींपुढे लोकर म्हणालात, भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"मग कशाला एवढं केलंत माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कुठलं, येडे? तुझ्या आधी त्या पडवीत मी एकटीच बसायची. तू पळून गेली असतीस तर मला कोण होतं गं?"

आणि आता मला कोण आहे, भाभी?