टोकन काढलं आहे

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बायको बाजारात जाताना सांगून गेली, "अहो, तेवढी पितळेची भांडी काढून ठेवा." अर्धी भांडी ओट्यावर होती, अर्धी माळ्यावर. मी शिडी लावून ओट्यावरचीही माळ्यावर नेऊन ठेवली. धूळ बसू नये म्हणून वर जुनी चादरसुद्धा पांघरली. ती परत आली, आधी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घासायला काढायची होती! चोवीस वर्षं झाली लग्नाला."

शिडी तशीच ठेवून मी संगणकासमोर जाऊन बसलो. काम हे निमित्त फार उपयोगी असतं.

माझं काम काय, हे सांगायला लागलो की नातेवाईक चहाकडे वळतात. हल्ली काही दवाखान्यांत फोन केला की माणसाऐवजी एआय बोलतो. त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात: एक टोकन देणारं, एक रद्द करणारं, एक डॉक्टरांची वेळ सांगणारं. टूलच्या आत काय चालतं ते त्याला दिसत नाही. बाहेर एकदोन ओळींचं वर्णन असतं, ते वाचून कुठलं उचलायचं हे तो ठरवतो. डबा न उघडता, वरची चिठ्ठी वाचून मीठ की साखर ते ओळखायचं, तसं. त्या चिठ्ठ्यांना पाचपैकी गुण देणारा परीक्षक म्हणजे मी. नुसतं वाचून गुण द्यायचे नसतात. लोक कसे मागतील तशी दहा वाक्यं बोलून बघायची, असा नियम आहे.

त्या दिवशी समोर आलं, "टोकन काढते." म्हटलं, वा, काय घरगुती मराठी! आपण तिकीट काढतो, केसपेपर काढतो, तसं टोकन काढतो. पाचपैकी पाच. दहा वाक्यांच्या रकान्यात 'तपासले' असं लिहिलं आणि भांडी उतरवायला उठलो. एकही वाक्य बोललो नव्हतो.

दिवाळी झाली. माझ्या सासूबाई वटारला वाडीत एकट्या राहतात. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, आणि आगाशीच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर फक्त सोमवारी येतात. बायको टोकन घेणार होती, पण सासूबाईंनी हट्टानं स्वतःच फोन केला. सोमवारी इस्त्रीची साडी नेसून रिक्षानं गेल्या आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. यादीत नावच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही चंदनसारहून त्यांच्याकडे गेलो. त्या त्यांच्या बोलीत सांगत होत्या. मी देशावरचा, इतकी वर्षं जावई असूनही मला ती बोली लिहिता येत नाही, म्हणून आपल्या मराठीत देतो.

"चूक माझीच. आमचं बोलणं हे असं वाडीतलं. त्या फोनवरच्या बाईला काय कळणार?"

"पण तुम्ही म्हणालात काय?" मी विचारलं.

"सोमवारचं टोकन काढ म्हटलं. तीही गोड म्हणाली, टोकन काढलं आहे."

माझा चहा तिथेच थांबला. ती 'बाई' म्हणजे आमचाच एआय, आणि मी पाच गुण दिलेलं 'टोकन काढते' हे टूल टोकन काढून टाकणारं, म्हणजे रद्द करणारं होतं. सासूबाईंच्या नावावर टोकनच नव्हतं, तरी त्यानं न कुरकुरता 'काढलं' म्हणून सांगितलं होतं. म्हणजे सासूबाईंचा शब्द न् शब्द पलीकडे पोचला होता. चिठ्ठी फसवी होती, आणि तिच्यावर पाच गुण माझे होते.

ऑफिसला त्याच संध्याकाळी कळवलं. 'आधी घेतलेले टोकन रद्द करते' असं नवं वर्णन दोन दिवसांत लागलंही. सासूबाईंना मात्र काही बोललो नाही. पुढच्या सोमवारी बायकोनं घेतलेल्या टोकनावर आम्ही त्यांना आणायला निघालो, तेव्हा वाटेत रिक्षात बायकोला सगळं सांगितलं.

दवाखान्यात नाव विचारायला तिथल्या नर्सबाई आल्या. वाडीतली फुलं व्यापाऱ्याशी भांडून विकणाऱ्या माझ्या सासूबाईंनी लेकीला कोपरानं ढोसलं. "तू सांग. माझं कळायचं नाही त्यांना." स्वतःचं नाव!

मग मला राहवेना. "आई, तुमचं बोलणं बरोबरच होतं. फोनवरच्या त्या बाईला ते नीट कळतं का, हे तपासायचं काम माझं होतं. मी न तपासता तपासलं म्हणून लिहिलं."

"असू द्या हो, जावईबापू," त्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या. "तुमची कशी चूक असेल? मीच घाईत काहीतरी बोलले असेन." आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेली केळी काढली.

त्या आत तपासायला गेल्या. मी केळं हातात धरून बसलो होतो. बायको म्हणाली, "बघितलंत? न तपासता पाच गुण दिले तिनं तुम्हाला. बाहेर आली की परत सांगा. 'हो, चूक तुमचीच' असं ती म्हणेपर्यंत सांगा."