दादांनी अर्थिंग दिलं होतं

दादा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवत. चपला दाराबाहेर, पिशवी खाली, आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकवून टक टक. पाणी घेऊन आलेली बाई पेला धरून उभी राही. "हे पोकळ हाय गा," असं यजमानाला सांगूनच ते पाणी पीत. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं, आणि होणाऱ्या सासऱ्याला ओल कुठून येते ते दाखवलं होतं. लग्न ठरलं. ओलही थांबली.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ. सावनेरजवळच्या कोळसा खाणीत हजेरी कारकून. गवंडीकाम, सुतारकाम, विजेचं काम यातलं काहीही ते कुणाकडे रीतसर शिकले नव्हते. पाहून पाहून आणि करून करून जमवलं होतं. नातेवाईक त्यांना 'अर्धा मिस्तरी' म्हणत. त्या म्हणणाऱ्यांत एकही असा नव्हता की ज्याचा नळ, कडी किंवा मोरी दादांनी नीट केली नव्हती. रविवारी बोलवायचे, दिवसभर राबवून घ्यायचे आणि जेवायला वाढताना हसायचे. त्या लोकांचा मला अजून संताप येतो. पण तो उगारायचा हक्क मला नाही. ते नुसते हसले. मी जे केलं ते सांगायला बसलो आहे. माझं वय आता शहात्तर आहे आणि यापुढे टाळायला वेळ उरलेला नाही.

दादांचं काम चुकायचंही. नागपूरच्या आमच्या घरी त्यांनी न्हाणीघराची फरशी घातली तेव्हा उतार उलटा झाला. पहिली बादली ओतली आणि पाणी मोरीकडे न जाता थेट स्वयंपाकघरात, सुमनच्या पिठाच्या डब्याखाली. मी काही बोलायच्या आत दादाच ओरडले, "उलटा झाला वं सुमन, उतार उलटा झाला माहा!" शेजारी पाहायला आले, त्यांनाही त्यांनी स्वतः ओंजळीनं पाणी सोडून ते कसं चुकीकडे जातं ते दाखवलं. पुढच्या रविवारी येऊन सगळं उखडलं आणि पुन्हा केलं. मी म्हटलं, "दादा, एवढा गाजावाजा कशाला?" तर म्हणाले, "काहून म्हणजे? लपवलं अन् उद्या कोनी घसरून पडलं तर?"

बसवलेल्या प्रत्येक बोर्डाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं तारीख आणि आपलं नाव लिहीत. "बिघडलं तर कोनाले बोलवाचं ते समजलं पायजे." बिघडलं तर हजर राहण्याची त्यांना हौसच होती.

आता कूलर. नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, हे नागपूरकराला सांगायला नको. आमचा जुना लोखंडी कूलर दादांनी दोन रविवार घालवून नवा केला. टाकीला आतून डांबर दिलं, पंप बदलला, खिडकीबाहेर अँगलचा स्टँड ठोकला. मग म्हणाले, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की अर्थिंग पाहिजेच, आणि तुमच्या घराचं अर्थिंग मेलेलं आहे. त्यांनी अंगणात स्वतः खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, आणि त्या पाइपापासून एक जाड उघडी तार जमिनीलगत नेऊन घरातल्या बोर्डाला जोडली. बल्बची एक वायर विजेला आणि दुसरी या तारेला लावून तपासलं. बल्ब लख्ख पेटला. "जवाईबुवा," मला म्हणाले, "या ताराले हात लावू नका. उन्हाळ्यात आठ दिवसाले एक बादली पाणी टाकजा खड्ड्यात. बस."

खरं कारण लिहायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. घरात काही मोडलं की सुमन म्हणायची, "दादा येऊ दे." मी नोकरीभर फायली हलवल्या. हातानं काही उभं केलेलं दाखवायला माझ्याकडे नव्हतं. म्हणून त्या कूलरनंतरच्या हिवाळ्यात मी ठरवलं की अंगणात फरशी घालायची, तीही स्वतः, दादांना न विचारता. सीताबर्डीहून थापी आणली, दोरी आणली. पाचव्या ओळीत ती तार आडवी आली. तिच्यावर फरशी बसेना, हिंदकळत राही. मी पक्कड घेतली आणि तार कापली. मग घरात जाऊन दिवे लावून पाहिले. लागले. पंखा फिरला. मिक्सरही चालला. म्हणजे तार फालतू होती, असं मी ठरवलं. इतका मूर्ख विचार चांगला शिकलेला माणूसच करू शकतो. कापलेली दोन्ही टोकं मी मातीत दाबली आणि वर फरशी बसवली.

दादा आले तेव्हा त्यांनी बोटांनी फरशी वाजवली. "दोन जागी पोकळ हाय, पर बेस केलं तुमी. खरंच बेस केलं." मग विचारलं, "तार कुठून नेली?"

"खालून."

"तोडली तर नाई ना?"

"नाही हो."

मला आठवतं, ते ऐकून ते खूश झाले होते. सुमनला हाक मारून म्हणाले, "पाह्य वं, जवाईबुवा शिकले!"

मे महिन्यात, दुपारी, सुमन कूलरमध्ये पाणी भरायला गेली. लोखंडी स्टुलावर उभी, पाय ओले, हातात पाण्याचा पाइप, कूलर चालू. पंपातून करंट टाकीत उतरला होता. त्याला जमिनीत जायला वाट नव्हती, ती मी कापली होती. तो सुमनच्या अंगातून गेला. ती स्टुलावरून फेकली गेली आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडला नसता तर पुढचं काही लिहायला उरलं नसतं.

धंतोलीच्या दवाखान्यात शेजारी सहज म्हणाले, "अर्थिंग नसन कूलरले." त्या क्षणी मला सगळं कळलं. कुठली फरशी, कितवी ओळ, तेही. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "कूलर कुणी दुरुस्त केला होता?" मी म्हणालो, "हिच्या भावानं."

हे वाक्य खोटं नाही. म्हणूनच ते इतकं नीच आहे.

दादा सावनेरहून पहिल्या बसनं आले. बहिणीला पाहून थेट आमच्या घरी गेले, मी सोबत होतो. त्यांनी बल्ब लावून तपासलं. बल्ब पेटला नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले. "मेलं कसं हे? म्या सोता पेटवून पाह्यलं होतं." मग उठले, पिशवीतून छिन्नी काढली आणि अंगणात आले. "जवाईबुवा, दोन फरशा उचलू द्या. तार पाहू द्या मले."

तेव्हा मी बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. मी बोललो, पण हे बोललो: "दादा, बायको दवाखान्यात पडली आहे तुमच्या कारागिरीनं. आता माझं अंगणही फोडणार का? का तुम्हाला म्हणायचंय तार मी कापली?"

"नाई गा. तसं नाई म्हणत म्या." छिन्नी पिशवीत गेली. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "मीठच कमी पडलं असन. खड्डा सुकला असन." आणि ज्या माणसाला आपली चूक सगळ्यांना सांगायची सवय होती, त्यानं ही चूकही सगळ्यांना सांगितली. दवाखान्यात, वऱ्हांड्यात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. "माह्या हातानं झालं." लोकांना ते सहज पटलं. अर्धा मिस्तरीच ना शेवटी! मी शेजारी उभा राहून मान खाली घालत होतो आणि लोकांना ते माझं दुःख वाटत होतं.

सुमन काठीवर आली. भाऊ भेटायला आला तेव्हा ती म्हणाली, "दादा, आता माह्या घरात कशाले हात लावू नको." एवढंच. त्यानंतर ते राखीला यायचे, खुर्चीत बसायचे, जेवून जायचे. भिंत वाजवली नाही. गळका नळ समोर टपकत असला तरी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. अशी अकरा वर्षं मी ते पाहिलं, आणि दर वेळी त्यांना भाजी आग्रहानं वाढली.

मागच्या थंडीत ते झोपेतच गेले. तेरवीला सावनेरला पंगत बसली होती. सुमनचा एक चुलतभाऊ बुंदी वाढता वाढता म्हणाला, "अर्धा मिस्तरी वर गेला बाप्पा! देवाघरच्या कूलरले हात लावू देऊ नका म्हना त्याले!" पंगत हसली. त्यांच्याच तेरवीचं जेवत होती आणि हसत होती.

मी पत्रावळीवरून उठलो. "तार मी कापली होती," मी ओरडलो. "दादांनी अर्थिंग दिलं होतं. मी कापलं आणि वर फरशी घातली."

"शुगर कमी झाली वाटते याइची, बसवा गा त्याइले," कुणी म्हणालं. मी पुन्हा सांगितलं, सगळं, ओळीनं. कुणी हसलं नाही.

सुमन खुब्यामुळे खुर्चीवर जेवत होती. तिनं तिथून एकच विचारलं, "तुमाले कधी समजलं होतं?"

"त्याच दिवशी. दवाखान्यात."

वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्या वाढप्यांना म्हणाल्या, "वाढा गा, पंगत थांबून राहिली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्याइनं अकरा वर्सं घरातला बल्बही बदलला नाई. शेजारच्याले हाक मारत. बल्बासाठी हाक मारताना ते कसे दिसत, ते मी पाह्यलं हाय, जवाईबुवा. तुमी बसा. जेवा."

मी बसलो. जेवलोही. न जेवता उठलो असतो तर तेही माझंच कौतुक झालं असतं.

सुमन माझ्यासोबत परत आली नाही. वहिनींजवळच राहिली आहे. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पंगतीत होते तेवढ्यांनाच कळलं, तिनं सांगितलं. दादाला हसणारे त्याहून जास्त होते. लिहून काढा आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवा. मी म्हणालो, लिहितो. मला वाटलं ती फोन ठेवेल, पण ती लाइनवर होती.

"अन् आयका," ती म्हणाली, "त्याच्यात सोताले लय रडकं दाखवू नका. लोकाइले तुमचीच दया येईन."