चितेगावच्या बोर्डाचे नखरे

आमच्या औरंगपुऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बिघाड सापडला की तो विसरला जातो, पण सापडेपर्यंत केलेला वेडेपणा चहाच्या वेळी कुणीतरी काढतंच. चितेगावच्या बोर्डानं तर एका महिन्यात वर्षभराचा माल पुरवला. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं, माझं तर जेवणच गेलं होतं.

माणसं आम्ही तीनच. मालक मोरे सर, सोल्डरिंगचे उस्ताद सलीमभाई आणि मी. चितेगावच्या एका कारखान्यात कोल्ड रूमसाठी तळहाताएवढा कॉम्प्युटर, म्हणजेच हा बोर्ड, बसवायचा होता. त्याच्यात मेमरी कार्ड नाही. वीज आली की त्यानं नेटवर्कवरून प्रोग्रॅम मागवायचा आणि आपला आपण सुरू व्हायचं. चाचणी शुक्रवारी. नापास झालो तर काम जाणार, आणि दुसरं काम हातात नव्हतं. सलीमभाई पक्की नोकरी सोडून माझ्या शब्दावर आले होते.

*

बोर्ड आत काय करतोय ते लॅपटॉपवर दिसावं म्हणून तीन बारीक वायरी जोडतात, तो सीरियल कन्सोल. मी जोडला, स्क्रीन काळी. बोर्ड मेला असं धरून अर्धा दिवस रडवेली होऊन बसले. नवा मागवला तर शुक्रवार उलटणार.

सलीमभाईंनी चष्मा वर करून बघितलं. “ताई, बोलायची वायर बोलायच्याच वायरीला जोडली तुम्ही. दोघंबी बोलायलेत, ऐकायला कोन हाय?”

दोन वायरींची अदलाबदल केली आणि स्क्रीनवर अक्षरं धावायला लागली.

*

अक्षरं म्हणजे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं! मी लॅपटॉपवर अक्षरं वाचायचा वेग चुकीचा टाकला होता. तो शोधेपर्यंत मागं उभ्या मोरे सरांनी आनंदानं स्क्रीनचा फोटो काढून चितेगावला पाठवूनसुद्धा दिला, खाली लिहिलं, ‘बोर्ड बोलू लागला’.

दोन मिनिटांत तिथल्या मेंटेनन्सच्या काळे साहेबांचा फोन. बोलतोय ते दिसतंय, पण कुणाला कळतंय का, एवढंच त्यांनी विचारलं.

*

मग सगळ्यात वाईट तीन दिवस. सकाळी बोर्ड झकास सुरू व्हायचा. दहाला सर आले की त्याला प्रोग्रॅमच सापडेना. सरांचा पायगुण, असं आम्ही दोघांनी हळू आवाजात ठरवूनही टाकलं. शेवटी सलीमभाईंनी धीर करून सरांना तसं सांगितलं आणि खाली चहाला पिटाळलं. सर गेले, तरी बोर्ड ढिम्म.

मी सरांच्या टेबलाखाली वाकले. तिथं घरून आणलेला जुना राउटर! घरचे कॅमेरे दिसावेत म्हणून सर आल्याआल्या तो आमच्याच नेटवर्कला लावायचे. बोर्डानं प्रोग्रॅम कुठं मिळेल असं विचारलं की प्रोग्रॅम देणाऱ्या आमच्या सर्व्हरच्या आधी हा राउटर चुकीचं उत्तर देऊन मोकळा.

सरांनी राउटर काढला. पायगुणाचं मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं.

*

शुक्रवार, चितेगावचा कारखाना. काळे साहेबांनी स्विच पाडला, परत चढवला. बोर्डावर हिरवा दिवा लागला. मी श्वास सोडला.

“आता तुमचा लॅपटॉप काढा आणि परत दाखवा.”

कन्सोलची वायर लॅपटॉपमधून काढली, साहेबांनी परत स्विच पाडून चढवला. दिवा लागेना. काय झालं ते बघायला वायर परत लावली, तर लागला! काढली, बंद. लावली, चालू. चारदा तेच. वर्कशॉपमध्ये वायर कायम लावलेलीच असायची, त्यामुळं हे कधी कळलंच नव्हतं. साहेब घड्याळ बघत होते. सलीमभाईंना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

सलीमभाईंनी लॅपटॉपमधलं टोक माझ्या हातातून घेतलं, आपल्या मोबाइलच्या चार्जरमध्ये खुपसलं आणि चार्जर भिंतीला लावला. त्या टोकाला वीज नसली की बोर्ड वायरीवर भलतंच काही ऐकून अडायचा, हे मला मागाहून कळलं. लॅपटॉप मिटवून माझ्या मांडीवर दिला.

साहेबांनी स्विच तीनदा पाडला, तीनदा चढवला. तिन्ही वेळा हिरवा दिवा. त्यांनी चाचणीचा कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि चार्जरकडं बघत थांबले.

“पण तिकडून बघतंय कोण?”

“कोनीच नाय, साहेब,” सलीमभाई म्हणाले. “पन त्याला कुठं म्हाईत हाय?”

साहेबांनी सही केली.