जानराव इंगळे यांची पायपेटी

ज्या बाईच्या मनगटाला आराम पडावा म्हणून पेटी बदलायची, त्या बाईला जानराव इंगळ्यांनी आधी एका शब्दानेही का विचारले नाही? खामगावच्या मिस्त्रीला त्यांनी विचारले, गायन पार्टीच्या अध्यक्षांना विचारले, एसटीच्या टपावर पायपेटी चढू देतील का हे कंडक्टरलासुद्धा विचारले. कलाबाईंना मात्र विचारले नाही. या प्रश्नाचे उत्तर जानरावांपाशी शेवटपर्यंत नव्हते, आणि या लिखाणालाही ते सापडलेले नाही. जे घडले ते क्रमाने सांगता येते, इतकेच.

बोरखेड हे नांदुऱ्यापासून दोन कोसांवरचे गाव. जानराव तिथल्या बौद्धवाड्यातले. कापसाच्या हंगामात ते नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला जात, एरवी मिळेल ती मजुरी करीत. पण जीव सगळा गायन पार्टीत. धर्मांतरानंतरची ती वर्षे होती. जयंती असो, लग्न असो, पावसाळ्यातला वर्षावास असो, गावोगावच्या वस्त्यांना गाणी हवी असत. देवादिकांची जुनी गाणी म्हणायची नाहीत असे ठरलेले, आणि नवी गाणी अजून पुरेशी जन्मलेली नव्हती. बोरखेडच्या पार्टीला ही अडचण कधी पडली नाही, कारण जानरावांच्या पत्नी कलाबाई गाणी रचीत. त्यांना अक्षर येत नव्हते. कपाशी निंदता निंदता एका तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला कडवे सुरू होई आणि दुसऱ्या टोकाला पुरे होई. घरी आल्यावर त्या ते म्हणून दाखवीत आणि जानराव पेटीवर बसवीत. ‘पाण्यावर लिहिलं नाव आमचं, पुसता येईना कोणाले’ ही त्यांची ओळ नांदुरा-मलकापूरकडच्या वस्त्यांत पुष्कळांच्या तोंडी होती.

१९५८ च्या हंगामात जिनिंगमधल्या फिरत्या पट्ट्यात जानरावांचा डावा हात सापडला. हात राहिला, पण कोपर कायमचे ताठ झाले आणि मूठ मिटेनाशी झाली. हातपेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर चालतो आणि डावा पाठीमागचा भाता ओढतो. डावा थांबला की हवा थांबते, आणि हवा थांबली की पेटी म्हणजे नुसते लाकूड. दीड महिना ती जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात पडली होती. एके दुपारी कलाबाईंनीच लुगडे सोडले, पेटी जानरावांपुढे ठेवली आणि आपण पलीकडच्या बाजूला मांडी घालून बसल्या.

“वाजवा,” त्या म्हणाल्या.

“अन् भाता?”

“दिवसभर खुरपं चालते या हातानं. हा त लाकडाचा पंखा हाय. वाजवा तुम्ही.”

तेव्हापासून ती पेटी दोघे मिळून वाजवू लागले. भाता असतो श्रोत्यांकडच्या अंगाला. त्यामुळे कलाबाईंना श्रोत्यांकडे पाठ करून, नवऱ्याच्या समोर बसावे लागे, आणि त्या तशाच बसून गात. पाठमोरी गाणारी बाई त्या भागात दुसरी नव्हती. सुरुवातीला लोक कुजबुजले, मग सरावले. ओळीच्या आधी कलाबाई श्वास घेत तेव्हा भाताही उघडे. ओळ संपता संपता दोन्हींतली हवा बरोबर संपे. एखादे कडवे आठवले नाही, किंवा एखादा शब्द लोकांच्या कानात थोडा मुरू द्यावासा वाटला, तर त्या भाता तसाच धरून ठेवीत. पेटी गप्प होई. जानराव पट्ट्यांवर बोटे ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहत. मग कलाबाईंचे मनगट हले आणि गाणे पुढे सरके. लोकांना ती अदा वाटे. जानरावांना तो बायकोचा हट्ट वाटे, आणि त्या हट्टाचे त्यांना थोडे कौतुकही होते.

टोमणे मात्र त्यांनाच खावे लागत. पार्टीचे ढोलकीवाले माणिकराव म्हणजे त्यांचे चुलतभाऊ. ते भर बैठकीत विचारीत, “काय बे जानराव, पेटी तुही का वहिनीची?”

“माही. काऊन?”

“नाही, तू त नुसत्या पट्ट्या दाबतं. जीव त वहिनी घालते तिच्यात. उद्या वहिनी माहेरी गेली त तू काय टाळ्या वाजवशीन?”

सगळे हसत. जानरावही हसत. पण घरी येताना ते चार पावले पुढे चालत, हे कलाबाईंच्या लक्षात होते.

१९६३ च्या वेचणीत कलाबाईंचे उजवे मनगट सुजले. दिवसा कापूस आणि संध्याकाळी भाता, असे पंधरा-वीस दिवस एकामागून एक आले होते. एरंडाचे पान गरम करून त्या बांधीत आणि पुन्हा पेटीशी बसत. जानराव ते पान रोज पाहत होते. त्यातच पार्टीचे अध्यक्ष किसनराव गुरुजी येऊन म्हणाले, “एप्रिलात जयंतीले नांदुऱ्यात लाऊडस्पीकर लावून राह्यले. आता मायकाकडे पाठ करून गाईन का बाई? लोकाइले तोंड दिसलं पाह्यजे.”

जानरावांना एका दगडात दोन पक्षी दिसले. बायकोचा हात सुटेल, आणि ती मानाने लोकांपुढे उभी राहील. तिसराही एक पक्षी होता. त्याचे नाव त्यांनी कोणापाशी घेतले नाही.

खामगावला कडूबा मिस्त्री पेट्या बांधीत आणि दुरुस्त करीत. त्यांनी दोन पेट्या शेजारी शेजारी मांडल्या. एक साधी हातपेटी, दुसरी चार पायांवर उभी, खाली पायाने दाबायच्या दोन पावट्या असलेली पायपेटी.

“सूर दोन्हीत तेच हायेत,” कडूबा म्हणाले. “सुराच्या पितळी पत्त्या एकाच पेटाऱ्यातल्या काढून बसवल्या. आवाजात फरक सांगून दाखवा, पेटी फुकट नेजा. हवा हातानं भरता का पायानं, एवढाच काय तो फरक. आता हातपेटी काखेत मारली का निघाले. हिले बैलबंडी लागते. तुमचं फिरतीचं काम. पाहा बाप्पा, मी आपला सांगून मोकळा होतो.”

जानराव स्टुलावर बसले. पाय हलवले, आणि उजव्या हाताने सा धरला. पाच वर्षांत पहिल्यांदा पेटी त्यांच्या एकट्याच्याने बोलली. ते पाय हलवत राहिले. सा तुटेना. कडूबांनी त्यांचे भरलेले डोळे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळाने कडूबा म्हणाले, “गाणारीन घरचीच हाय ना? आणलं असतं सोबत, त एक खेप म्हणून पाह्यलं असतं.”

“तिले काय दाखवाचं? तिची त सुटका होऊन राह्यली.”

“जुनी ठेवता का देता?”

“एका घरात दोन पेट्या कायले?” जानराव म्हणाले, आणि जुनी पेटी बदल्यात देऊन आले.

पायपेटी बंडीतून घरी आली तेव्हा वाड्यातली पोरेबाळे जमली. कलाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पेटीला पुढून पाहिले, मग पाठीमागे गेल्या आणि लाकडावरून तळवा फिरवीत राहिल्या.

“हिचा भाता कोठी हाय?”

“खाली. पायात. तुले आता काईच करा लागत नाही.”

“अन् आपली?”

“ती दिली.”

“बरं,” कलाबाई म्हणाल्या.

ते ‘बरं’ जानरावांनी आनंदाचे धरले. तालमीत कलाबाईंना धाप लागे, ओळीचे शेवटचे शब्द गळत. जानराव म्हणत, सवय होईल. कलाबाई म्हणत, होईल.

१४ एप्रिल १९६४ ची संध्याकाळ. नांदुऱ्याचे पटांगण माणसांनी भरले होते. कलाबाई पांढऱ्या लुगड्यात मायकापुढे उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे अनोळखी चेहरे. जानराव पाठीमागे, दिसत नव्हते. कलाबाईंनी आपलीच ओळ उचलली. ध्रुवपद चांगले गेले. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरेना. पायपेटीचा सूर अखंड वाहत होता. त्यात उतरायला पायरी नव्हती. शब्द हुकला. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि हवेतच काहीतरी ओढू लागला. पुढच्या रांगेतले कोणीतरी हसले. “बाईले गरम होऊन राह्यलं, पंखा द्या बे!” हशा वाढला. कलाबाई वळल्या. जानरावांचे तोंड त्यांना पाहायचे होते.

“ओ बाई, तोंड इकडं!” पटांगणातून आरोळी आली.

जानरावांनी त्या वेळी पाय थांबवले नाहीत. सूर मोठा केला तर तिला आधार होईल अशी त्यांची समजूत. पाय जोरात चालले, पेटी आणखी मोठ्याने बोलू लागली. कलाबाई त्यांच्याकडे पाहत तोंड मिटून उभ्या होत्या. मग त्या पायऱ्या उतरल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. उरलेले गाणे जानरावांनी पेटीवर पुरे केले. लोकांनी टाळ्याही दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपात डाळ निवडताना कलाबाई म्हणाल्या, “एक विचारू?”

“विचार ना.”

“तुम्ही थांबले काऊन नाही?”

“तुले सूर भेटावा म्हणून वाजवत राह्यलो मी.”

“सूर होता ना मले. श्वास नव्हता. माह्याकडं पाह्यलं तुम्ही, तरी पाय चालूच.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “भाता माह्या हाती असता त मी धरून ठेवला असता. मंग तुम्हाले थांबाच लागलं असतं. सहा वर्सं मले वाटे, का तुम्ही माह्यासाठी थांबता.”

जानरावांना हे सहन झाले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पायपेटी बंडीत घातली आणि खामगाव गाठले. कडूबांनी ती मुकाट्याने परत घेतली, पण जुनी पेटी मेहकरकडच्या एका भजनी मंडळाने नेली होती. जानराव एसटीने मेहकरला गेले, तिथून पायी त्या गावी. मंडळाचे प्रमुख उत्तमराव हे शेतीवाडीचे, भल्या बोलीचे गृहस्थ. आधी म्हणाले, “सूर लय गोड हाय हिचा. देणार नाही बुवा.” मग त्यांनी पाहुण्याचे गाव विचारले, आडनाव विचारले, आणि पेटीवर कोणती गाणी वाजत होती तेही विचारले. जानरावांनी सगळे खरे सांगितले. उत्तमराव उठून आत गेले. गडी पेटी घेऊन बाहेर आला आणि जानरावांच्या हातात न देता पायरीखाली ठेवून गेला. जानराव जी रक्कम देतील ती घ्यायला आता मंडळ तयार होते. एरवी ज्या वागणुकीने त्यांचे रक्त उसळले असते, तिच्यामुळेच पेटी इतक्या लवकर सुटली. ती उचलून ते बसच्या वाटेला लागले. वाटेत एकदाही बसले नाहीत.

घरी कलाबाईंनी पेटी ओळखली. त्या पलीकडे बसल्या, भाता उघडून पाहिला, पुन्हा मिटला. चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. जानरावांनी ‘पाण्यावर लिहिलं नाव’ची सुरावट घेतली आणि ओळीच्या जागी आले. भाता उघडला, हवा भरली, मनगट नेमके चालले. ओळीची हवा ओळीबरोबर संपली. कलाबाईंचे तोंड मिटलेले होते.

जानरावांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसेच झाले.

“म्हण ना, कला.”

“तुम्ही वाजवा. हवा देऊन राह्यली ना मी.”

“आता त भाता तुह्या हाती हाय. तू धरशीन तठी मी थांबतो.”

“हाव,” कलाबाई म्हणाल्या. “तुम्ही थांबसान. पण आता ठाऊक झालं ना मले.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जानरावांनी समजूत काढली असती. त्यांनी तिसऱ्यांदा सुरावट घेतली नाही. उजवा हात पट्ट्यांवरून उचलला आणि मांडीवरच्या ताठ हातावर ठेवला. कलाबाईंनी भाता हळूच मिटून कडी लावली आणि त्या चुलीकडे गेल्या.

पार्टी मोडली नाही. कार्यक्रम येत राहिले, बरे-वाईट माणिकरावच गात. कलाबाई प्रत्येक बैठकीला गेल्या, लोकांकडे पाठ करून बसल्या आणि भाता चालवला. नवी कडवी त्यांनी कधी रचली असतील तर ती शेताबाहेर आली नाहीत. जुन्या सवयीने जानराव ओळीच्या जागी क्षणभर बोटे थांबवून त्यांच्याकडे पाहत. माणिकरावांनी पुढे पेटीवरून थट्टा करणे सोडून दिले.

१४ एप्रिल १९७१ रोजी बोरखेडच्या गायन पार्टीत माणिकरावांची थोरली मुलगी बेबीताई पहिल्यांदा गायली. पेटीवर जानराव होते आणि भात्यावर कलाबाई.